तेहतीस नंबरचं नाणं

आमच्या संघटनेत माणसं एक्केचाळीस, म्हणजे कान ब्याऐंशी. त्यांतला धड चालणारा एकच, आणि तो माझा उजवा. म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आलं. माझं अक्षर बघून आलं, असं मी घरी सांगितलं आहे.

आम्ही सगळे एकाच डब्यांच्या कारखान्यातले. पत्र्याच्या चादरी एका टोकाने आत जात आणि तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे डबे होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर येत. मधे अठरा प्रेस दिवसभर पत्र्यावर आदळत असत. तिथे पंधरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बायको काय म्हणते ते ऐकू येईनासं व्हायचं, आणि सुरुवातीला बऱ्याच जणांना ही सोयच वाटली. मग मुलांचं ऐकू येईना, मग दाराची कडी ऐकू येईना, आणि मग सोय वाटणं थांबलं.

मी प्रेसवर कधी उभा राहिलो नाही. मी हजेरी मांडायचो. माझी केबिन काचेची, प्रेसच्या बाजूची खिडकी माझ्या डाव्या हाताला. बावीस वर्षांत डावा कान गेला, उजवा राहिला. सगळे मला हजेरीराव म्हणतात. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मी कधी वेगवेगळं करून पाहिलेलं नाही.

नवी यंत्रं आली आणि आम्ही घरी बसलो, तेव्हा अक्कांनी संघटना काढली. अक्का झाकण विभागाच्या मुकादम होत्या आणि अजूनही सगळ्यांशी मुकादमासारख्याच बोलतात. मागण्या दोनच: प्रेसने गेलेला कान ही कामावर झालेली इजा धरा, आणि यापुढे कुणालाही कान झाकल्याशिवाय प्रेसपाशी उभं करू नका. प्रकरण कामगार-भरपाईच्या आयोगापुढे गेलं. पुरावा म्हणून माझी हजेरीपुस्तकं ठेवली, कोण किती वर्षं कुठल्या प्रेसवर होतं ते त्यांत पानोपानी आहे. तेव्हापासून माझी मान थोडी ताठ झाली, हे मी नाकारत नाही.

नाण्यांची कल्पना साचेवाल्यांची. कारखान्यातले साचे ते एकटेच कोरायचे. त्यांनी भंगारात निघालेला एक हातप्रेस घरी नेला आणि जाड पितळेवर एक्केचाळीस नाणी ठोकून काढली. एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला कान. कान असं ते म्हणतात. मला तो काजूसारखा दिसतो. नाणं असंच मिळत नाही. सभेत उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: कुठलं यंत्र, किती वर्षं, आणि कुठला आवाज गेला. मग अक्का नाणं हातात ठेवतात आणि मी नोंदवहीत नाव चढवतो. ज्याच्याकडे नाणं, तोच अर्जातला अर्जदार. दुसरा दाखला आम्ही ठेवलेलाच नाही.

सभा भरते ती एका बंद पडलेल्या शिवणवर्गात. कापड कापायचं लांबलचक टेबल आहे, आणि एक फळा आहे ज्यावर बाहीचं माप रंगाने काढलेलं अजून पुसलं जात नाही. कुणीही, कधीही, आपलं नाणं टेबलावर तीनदा ठोकायचं. ऐकू कुणालाच येत नाही, पण सगळे कोपरं टेकून बसलेले असतात आणि ठोका हाडांतून चढतो. चाळीस हात खिशांत जातात, चाळीस नाणी टेबलावर येतात. ज्याचं नाणं घरी राहिलं, तो चहा पाजतो. कोण काय बोललं ते मी फळ्यावर लिहीत जातो, बाहीच्या मापाला वळसा घालून.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की कान गेलेली माणसं कोपराने, तळव्याने, पायाने ऐकतात हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. दर आठवड्याला मी ते उघड्या डोळ्यांनी बघत होतो.

तेहतीस नंबर माझ्या साडूंचा. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांच्या घरी. ते अकरा वर्षं सात नंबरच्या प्रेसवर होते. संघटनेत उशिरा आले, आणि आल्या आल्या सगळ्यांचे झाले. कुणी विनोद केला की साडू बरोबर जागेवर हसायचे. बाकीचे मी फळ्यावर लिहीपर्यंत थांबायचे आणि मग एकदम हसायचे, उशिरा पोचलेल्या गाडीतून उतरल्यासारखे. साडू मात्र बोलणाऱ्याच्या बरोबरीने. नाणं घेताना त्यांनी गेलेला आवाज सांगितला तो असा: "बायको भांडी लावताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. काय, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारूनही उपयोग नाही." अक्कांनी चष्मा पुसला. साचेवाल्यांनी तर उठून त्यांना मिठीच मारली. मी नाणं घेतलं तेव्हा कारखान्याचा भोंगा सांगितला होता. त्यावर एकजण म्हणाला, "तो गेला ते बरंच झालं."

तर सुनावणीच्या महिनाभर आधी एक बातमी आली. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याच्या प्रकरणात एक बहिरा साक्षीदार आयोगाच्या आवारातच फोनवर बोलताना सापडला, आणि त्याच्याबरोबर साठ जणांचा अर्ज गेला. कानतपासणीच्या कागदावर कुणाचा विश्वास बसणार? तपासणीच्या खोलीत आवाज आला की बटण दाबायचं असतं. ऐकूनही न दाबणाऱ्याचं कोण काय करणार?

अक्कांनी सभेत सांगितलं, "आपल्यात असा कुणी असेल तर आत्ताच निघू दे. हजेरीराव, तुला ऐकू येतं. तू बघ."

मी बघू लागलो. खरं सांगायचं तर मी चाळीस जणांना बघितलंच नाही. मी पहिल्या दिवसापासून एकालाच बघत होतो.

साडू मागच्या खोलीत खुर्च्या दुरुस्त करतात. पुढची खोली फरशीची. मागची त्यांनीच पोकळ सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून केलेली. मी गेलो तेव्हा ते अनवाणी उकिडवे बसून, माझ्याकडे पाठ करून खुर्चीची बैठक विणत होते. मी दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर थांबलो. खिशातून माझं नाणं काढलं, हात आत लांब केला आणि नाणं सोडलं.

ते फळीवर पडलं. टप्, असा भरीव आवाज झाला. फरशीवर ते खणखणलं असतं.

साडू वळले. नाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसले. "या, या. हातातून नाणी गळायला लागली का?"

मीही हसलो. हजेरीपुस्तकात दोन सह्या एकाच हाताच्या सापडल्यावर जे व्हायचं ते मला झालं. चहा घेतला, खुर्चीच्या विणीची तारीफ केली, आणि घरी जाऊन अहवाल लिहिला: 'पाठीमागे सुमारे सात फुटांवर नाणे टाकले असता सदर सभासद ताबडतोब वळले.' वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

सभा भरली. अक्कांनी अहवाल फळ्यावर लिहायला लावला आणि साडूंना विचारलं, "वळलास का?"

"वळलो," साडू म्हणाले.

"कशाने?"

"पायाला कळलं."

टेबलाभोवती थोडी हालचाल झाली. कुणी मान हलवली, कुणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. साचेवाल्यांनी हात वर केला. "हजेरीराव, जमीन कसली होती? लाकूड असेल तर माझ्याही पायाला कळतं. जिन्यावरून बायको येतेय की मुलगा, ते मी पायाने सांगतो."

मग सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. इतके डोळे ओठांवर घ्यायची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी खडू उचलला. मी फळ्याकडे वळलो आणि एकच शब्द लिहिला. फरशी.

का लिहिला, ते मी पुढच्या तीन आठवड्यांत बऱ्याच तऱ्हांनी स्वतःला सांगून पाहिलं. उंबऱ्याच्या अलीकडे फरशीच होती. मी स्वतः फरशीवरच उभा होतो. अहवाल मागे घेतला असता तर चिटणीसाची शोभा झाली असती. ही सगळी कारणं मांडून झाल्यावर खाली एक उरायचंच: ते विनोदावर बरोबर जागी हसायचे.

साडूंनी शब्द वाचला. माझ्याकडे बघितलं, अगदी सावकाश, जणू मी अजून काही बोलतो आहे आणि त्यांना ते ओठांवरून वाचायचं आहे. मग म्हणाले, "हजेरीराव म्हणतात तर फरशी."

त्यांनी नाणं काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि बाहेर गेले.

मी नोंदवहीत तेहतीस नंबरपुढे आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी चाळीस नावांची यादी आयोगाकडे गेली. नाणं ठेवायला जागा नव्हती म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि मी ते माझ्या नाण्याबरोबर एकाच खिशात टाकलं. ही माझी चूक. चालताना दोन्ही एकमेकांवर वाजायची. चाळीस माणसांत बसलं तरी तो आवाज ऐकू येणारा मी एकटाच. एकदा सभेत कुणीतरी ठोका दिला आणि माझ्या हाताला घाईत तेहतीस लागलं. मी ते तसंच मुठीत धरलं आणि नाणं घरी राहिलं म्हणालो. सगळ्यांना चहा पाजला. साचेवाले म्हणाले, "चिटणीसाचंच नाणं घरी, म्हणजे कमाल झाली," आणि सगळे हसले, मी लिहिल्यावर.

घरी बायकोला मी एवढंच सांगितलं की नियम तो नियम. ती म्हणाली, "मी काही विचारलं का?" आणि तीन दिवस खरोखरच काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मेहुणी आली. बहिणीशी बोलायला आली असेल म्हणून मी उठू लागलो तर म्हणाली, "बसा भाऊजी, तुमच्याकडेच आलेय."

मी बसलो.

"मी भांडायला नाही आले. फक्त विचारायचं आहे. तुम्हाला खरंच वाटतं का, त्यांना ऐकू येतं?"

"सभेत जे झालं ते..."

"सभेचं नाही विचारलं. सहा वर्षं झाली, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय एक वाक्य बोललेली नाही. ताटावर बसवायचं तर हात. दूध उतू चाललंय सांगायचं तर हात. भांडायचं तरी आधी हात ठेवते, मग भांडते. आता तुम्ही म्हणताय ते खरं असेल, तर हा माणूस सहा वर्षं माझी मजा बघतोय. मग मला त्या घरात राहायला नको. म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच सांगा."

स्वयंपाकघरात बायकोचा भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," मी म्हणालो. "ऐकू येत नाही त्यांना."

"बरं," मेहुणी म्हणाली. पदर सारखा केला, उठली, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाली, "मग ती रेघ कसली मारलीत?"

उत्तराला ती थांबली नाही. बायको बाहेर आली, कप उचलून गेली. त्यानंतर माझ्या घरात मला बहिऱ्यासारखं वागवण्यात येऊ लागलं. म्हणजे जेवायची वेळ झाली की बायको येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायची, बोलायची नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी अक्कांकडे गेलो. यादीत नाव घालायचं तर त्याच दिवशी पाचपर्यंत अर्ज देता येत होता. ही अट मला तोंडपाठ होती, रोज एकदा वाचत होतो.

ऐकू न येणाऱ्या बाईला गुपित सांगणं किती अवघड असतं, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. अक्का ओठ वाचतात, पण चष्मा लावून. आणि चष्मा दुरुस्तीला गेलेला. कागदावर लिहिलं तर तो त्यांनी हातभर लांब धरला आणि परत दिला. "ओरड," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूने, कानाला तोंड लावून ओरड. थोडं पोचतं."

मी ओरडलो. "त्या दिवशी जमीन लाकडाची होती."

"काय होती?"

"जमीन. लाकडाची."

शेजारच्या गॅलरीतून एक गृहस्थ डोकावले. "कुठली जमीन? विकायची आहे का?"

"नाही हो," मी म्हणालो. मग पुन्हा अक्कांच्या कानाशी, होता नव्हता तेवढा आवाज काढून: "मी खोटं बोललो."

हे मात्र पोचलं. गॅलरीतलेही आत गेले.

अक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी पाच-सहा देठ मोडले, ताटात टाकले. "किती दिवस झाले?"

मी बोटांनी दाखवलं. दोन्ही हात दोनदा, आणि वर एक.

"अरे हजेरी," त्या म्हणाल्या, "हे तू मला सांगितलंस, म्हणजे आता मीही यात आले. उद्या तुझं हजेरीचं मस्टर तिथे मांडायचं आहे. आज तू लिहून दिलंस की मी खोटं बोललो, तर त्यांचा वकील काय म्हणेल? नाण्यात खोटं, तर हजेरीत किती. इकडे चाळीस आहेत, तिकडे एक. तू हिशोबी माणूस, तूच सांग."

मी ताटातले देठ मोजत राहिलो. त्यांनी हाताने नको अशी खूण केली आणि पुन्हा देठाला लागल्या.

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालत होतो. चाळिसांच्या भल्यासाठी गप्प बसायचं होतं, अध्यक्ष म्हणून अक्कांचा तसा आदेश होता. कोपऱ्यापर्यंत शीळ टिकली. कोपऱ्यावर एक भांड्यांचं दुकान आहे, त्यात एक बाई कढया वाजवून बघत होती. एकेक कढई कानाशी धरून, बोटाने टिचकी मारून. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. नुसतं आवाजावरून काय कशावर आपटलं ते कळणारा माणूस मी. मला कढईची जात कळते. फळी आणि फरशी यांतला फरक कळला नाही, असं मी मेलो तरी म्हणू शकलो नसतो.

तिथून साडूंकडे गेलो. चार वाजायला आले होते. ते मागच्या खोलीत, पाठ करूनच. मी उंबरा ओलांडला आणि फळीवर पाय आपटला. ते वळले.

"या," ते म्हणाले. "आज नाणं नाही टाकलंत?"

"बोलायचं होतं."

"मग उजेडात बसा. आणि मिशी कापा एकदा. निम्मं वाक्य तिथेच अडकतं."

मी उजेडात बसलो आणि सगळं सांगितलं. लाकडाचं, फळ्यावरच्या शब्दाचं, अक्कांचं. चाळीस आणि एकचं सांगताना मी जरा सावकाश बोललो, त्यांना नीट समजावं म्हणून. ते वेताची पट्टी हातात धरून बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी ती पट्टी खाली ठेवली.

"म्हणजे अक्का नको म्हणाल्या."

"हो."

"मग मला सांगायला कशाला आलात?"

"तुम्हाला कळावं म्हणून."

"मला त्याच दिवशी कळलं होतं हो. फळ्या माझ्या आहेत. मी ठोकल्यात."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही अजून एक लिहिलं असतं. मग मी अजून एक बोललो असतो. मग दोन बहिणींनी काय करायचं?" त्यांनी गुडघ्यावरचा भुसा झटकला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, दोन दिवसांत याल. फार तर चार. एकवीस दिवस झाले. मोजायला काही हजेरीवालाच लागतो असं नाही."

मी खाली बघू लागलो, तर त्यांनी हनुवटीला बोट लावून माझं तोंड वर केलं. त्यात प्रेम नव्हतं. ओठ दिसावेत म्हणून.

"मस्टरचं काय करायचं?" मी म्हणालो. "उद्या ते म्हणतील, याचं सगळंच खोटं."

साडू हसले. सभेत हसायचे तसंच, बरोबर जागेवर. "हजेरीराव, मस्टरच्या प्रत्येक पानावर तुमच्या सहीखाली कुणाची सही आहे?"

"प्रेस मुकादमाची."

"आणि त्याखाली?"

त्याखाली व्यवस्थापकांचा शिक्का. दर शनिवारी मीच पुस्तक घेऊन जात होतो, शिक्का उमटेपर्यंत हात बांधून उभा राहत होतो.

"स्वतःचा शिक्का खोटा म्हणणार आहेत का ते?" साडू म्हणाले. "पगार दिला आम्हाला त्यावर. तुमच्या एकट्याच्या शब्दावर त्या कारखान्यात कुणी कधी काही दिलं होतं का? तुम्हालाच वाटतं, सगळी केस तुमच्या खांद्यावर आहे."

हे अक्कांना सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं. अक्कांच्या घरी, देठ मोडत होत्या तेव्हाच सुचलं होतं, आणि मी ते बोललो नव्हतो.

"मला तुमची क्षमा-बिमा नको," साडू उठले आणि चपला शोधू लागले. "मला माझं नाव यादीत पाहिजे. अकरा वर्षं उभा होतो मी तिथे. खिडकी पाचला बंद होते, चला."

आम्ही चालत गेलो. रस्त्यात बोलता येत नाही. चालताना ओठ वाचणारा माणूस खांबावर आपटतो. आयोगाच्या कचेरीत खिडकीपुढे दोन माणसं होती. घड्याळात पावणेपाच. काचेमागच्या बाईंनी छापील कागद सरकवला. वर साडूंनी आपलं नाव, यंत्र, वर्षं लिहिली. खाली छापलं होतं: नाव वगळण्याचे कारण, वगळणाऱ्याने स्वहस्ते लिहावे. त्यासाठी तीन ओळी सोडल्या होत्या.

माझं अक्षर चांगलं आहे. मी लिहिलं: 'मी नाणे टाकले तेव्हा जमीन लाकडाची होती. ती फरशीची होती असे मी सभेत चुकून सांगितले. त्यावरून यांचे नाव वगळले गेले.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद साडूंपुढे धरला.

त्यांनी वाचला. मग वेतकामाने चिरा पडलेलं बोट एका शब्दावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. 'चुकून'वर.

"खाडाखोड चालते," काचेमागून बाई म्हणाल्या. "बाजूला छोटी सही करा म्हणजे झालं."

मी तो शब्द खोडला. वर 'जाणूनबुजून' लिहिलं. जागा कमी होती, अक्षरं दाटीत आली. बाजूला छोटी सही केली. साडूंनी बोट उचललं.

बाईंनी कागद वाचला, एकदा माझ्याकडे आणि एकदा साडूंकडे बघितलं, शिक्का मारला. "नाव चढलं," त्या म्हणाल्या. "याची प्रत उद्या सकाळी विरुद्ध बाजूच्या वकिलांना जाईल." बोलताना त्या पुढच्या कागदाकडे वाकल्या होत्या.

"काय म्हणाल्या?" साडूंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे तोंड करून दोन्ही वाक्यं सांगितली. पहिलं तेवढं सांगूनही चाललं असतं.

"ठीक," ते म्हणाले आणि निघाले. मला 'या' म्हणाले नाहीत. घराची वाट एकच, म्हणून मी मागून चार पावलं ठेवून चालत राहिलो. वळणावर मागून एक मोठी गाडी आली, हॉर्न वाजवत. मी पुढे धावलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला. मी पोचायच्या आत ते आपणहून कडेला झाले; समोरच्या दुकानाच्या काचेत त्यांना ती केव्हाच दिसली होती. माझा हात पुढे तसाच राहिला होता. ते वळले नाहीत, त्यामुळे त्यांनी तो बघितला नाही.